देवाला न चाललेलं आयरिस

मल्लेश्वरम, रविवार, १४ फेब्रुवारी १९६०

तीन वर्षं थांबले त्या एका फुलासाठी. उटीहून आणलेल्या आयरिसच्या कंदाला थंडी हवी, म्हणून बुडाशी बर्फ घालत होते. हे हसायचे. आज सकाळी उमललं, काळपट जांभळं. आंघोळ करून आले तर नुसता देठ! शेजारच्या अक्कांनी पूजेला खुडलेलं. धावत गेले.

"वास नाही हो त्याला, देवाला चालेना. गाईला घातलं."

विचारायचं तरी?

"तुमच्या यजमानांनीच सांगितलंय की, गुलाब सोडून काय हवं ते न्या."

यांना सांगितलं, तर म्हणाले, "पुढच्या वर्षी येईल." बर्फाने बधिर झालेली माझी बोटं यांना कधी दिसली का? संध्याकाळी बागेत गेले. यांचे गुलाब सगळे जागेवर होते.