बाजार घरी आला

३ रजब
धाकटा दीर बहमद पुन्हा दारात. "वहिनी, तुमच्या गालिच्याला कुणी हात लावेना. शेवटी कांद्याच्या पोत्यासोबत फुकट दिला." म्हणजे काय, तर माग मोडायचा, घराला कुलूप लावायचं, आणि मी त्याच्या चुलीपाशी! नवऱ्याला, बकीरला, जाऊन अजून वर्ष झालं नाही. बाजार दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण आमच्या या वाळवंटी गर्दाया गावात आम्ही बायका तिथे पाऊल टाकत नाही. मग काय, बहमद सांगेल तो बाजार!

५ रजब
विणलं. निळी लोकर संपली.

११ रजब
बहमदकडे उतरलेला फ्रेंच चित्रकार गेला. जाताना बाजाराचं चित्र आठवण म्हणून देऊन गेला. बहमद हवेत! चित्राच्या मधोमध तोच आहे म्हणे. त्याच्या बायकोचा, मसऊदाचा निरोप आलाय — पुढच्या आठवड्यात सगळ्या बायका चित्र बघायला या.

१८ रजब
आज मी बाजार पाहिला! चाळिशी उलटल्यावर!

चित्रात सगळे लोळताहेत. काम कुणी करत नाही. लल्ला यमिना म्हणाल्या, "हे विकतात तरी काय, झोप?" या लल्ला, म्हणजे बाईसाहेब, आमच्याकडे मयत बायकांना आंघोळ घालणाऱ्यांच्या प्रमुख. पुरुषही त्यांना टरकून असतात. हसून हसून आमची पोटं दुखली.

आणि मग दिसला — बहमदच्या पायाशी माझा गालिचा! तोच लाल, तीच माझी कंगव्याची नक्षी. चार माणसं वाकून बघताहेत.

लल्लांनी बहमदला पडद्यापलीकडे बोलावलं. "चित्र खरं आहे का रे?"

"अगदी जसंच्या तसं, लल्ला. केसाचा फरक नाही."

"मग वहिनीच्या गालिच्यावर वाकून ही माणसं काय बघताहेत? कांदे?"

तो पुटपुटला — गालिचे सगळ्यांत आधी खपतात. वहिनीने आमच्या घरी येऊन विणावं, एवढंच मनात होतं.

एवढंच! लल्लांनी निकाल तिथेच दिला. घर माझं, माग माझा, आणि यापुढे माल लल्लांचा मुलगा विकणार. जिंकले मी! घरी येताना बुरख्याआड हसत होते.

२६ रजब
नवा गालिचा बाजारात गेला. दुपारच्या नमाजाआधी खपला!! निळी लोकर मागवली.

२ शाबान
मसऊदाकडे गेले होते. चित्रावर धूळ दिसली म्हणून ओलं फडकं फिरवलं. फडकं लालभडक. गालिचा पुसला गेला, आणि त्याखालून गाढवाचं तोंड वर आलं.

मी वळून पाहिलं. ती कणीक मळत होती. नखांत अजून लोकर रंगवायचा तोच लाल.

"खपलेल्या मालाच्या बढाया तो रात्री मलाच ऐकवायचा," ती मान वर न करता म्हणाली. "आणखी पुसू नका, ताई. चित्रात तो स्वतःच्या दाढीखाली कधी बघतच नाही."