सासऱ्यांच्या सायकलीची दांडी

मीना,

तुझी गंधाली जन्मली त्या साली तू मला बाराखडी शिकवलीस आणि मी लगेच म्हटलं, आता सायकलही शिकते. तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी त्यांच्या सायकलीला मला हात लावू दिला नाही. आज मी तीच टेम्पोत टाकून मंठ्याला, कडूबा वेल्डरकडं चालले आहे. लुगडं नेसून आडव्या दांडीवरून पाय टाकता येत नाही, म्हणून ती कापून त्या जागी खाली तिरपा पाइप जोडून घेते. सकाळपासून माझा पाय घरात ठरत नाही!

सोमेश्वर म्हणत होता, आई, तुला अ‍ॅल्युमिनियमची नवी घेऊन देतो. ती हलकी खरी, पण तिला तडा गेला तर आपल्याकडं कुणी जोडून देत नाही, आख्खा सांगाडा बदलावा लागतो. कार्बनची म्हणजे तर त्याहून महागडं दुखणं. लोखंडी वाकली तर सरळ होते, तुटली तर थोड्या खर्चात कुठंही जोडून मिळते. काल कडूबा फोनवर म्हणाला, "मामी, सायकल बराबर जोडतो, पण तुम्ही पडल्यावर हाड जोडायचं काम माझ्याकडं न्हाई." मी म्हटलं, "तू जल्दी दुकान उघड!"

भाकरी टोपल्यात आहेत. संध्याकाळी शाळेमागच्या रस्त्यावर ये, सायकल मागून धरायला मला तूच पाहिजेस.

सोमेश्वर चिडून विचारेल, वडिलांची सायकल कुणाला विचारून कापली? त्याला सांग, वडील मागच्या पोळ्याला वारले.