उजवा हात

ती. आईस,
दोन्ही हात जोडून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. घरमालकीण अजून जिन्यातच चपला काढायला लावते, तेवढाच काय तो जाच.

कामाचं विचारलं होतंस. पॉर्फिरिन म्हणजे रक्ताला लाल करणाऱ्या रेणूचे भाऊबंद. पाण्यात सोडले की ते एकमेकांना धरून दोरीसारखा पीळ घेतात. तो पीळ डावा की उजवा, हे यंत्र सांगतं. माझा कायम उजवाच येत होता, त्यामुळे सरही खुशीत होते.

परवा सहज काचेची कुपी पाठपोट फिरवून ठेवली, तर पीळ डावा आला. खरा पीळ कुठूनही बघितला तरी बदलत नाही. म्हणजे पीळ नव्हताच, रेणू नुसते काचेला आडवे चिकटून बसले होते. सगळं मुसळ केरात. सर एवढंच म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी फिरवून बघायचं असतं." आता पुन्हा पहिल्यापासून. माझं येणं जरा लांबेल, मनाला लावून घेऊ नकोस.

दादाची बदली टळली का? वहिनी तुझ्या उजव्या हाताला रोज तेल चोळते ना?

रविवारी व्हिडिओवर तू हात हलवून म्हणालीस, "बघ, अर्धांगाचा झटका येऊन गेलाय असं वाटतं तरी का?" दादानेही मान डोलावली. पण त्या मनगटावर तव्याचा जुना चटका होता, आणि तो तुझ्या डाव्या हातावर आहे. दिवसभर डावं-उजवं बघणाऱ्या पोरीला कुठे फसवतेस, आई.

या रविवारी उजवा दाखव. हलत नसला तरी दाखव.

तुझी,
धाकटी