ठोकळ्याची मागची बाजू

सोमवार, ३ जून
माझ्या भाचीने, चिन्मयीने, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलं. त्यात कंपोझिटर असतो. पडद्यावरच्या खिडक्या कशा दिसाव्यात, कशा हलाव्यात ते ठरवणारा प्रोग्राम. शिकायचं ठरवलं. निव्वळ ज्ञानासाठी. कन्नड मालिकेशी याचा संबंध नाही. ती मी फक्त साड्यांसाठी बघते.

मंगळवार
डेस्कटॉप आता ठोकळ्यासारखा फिरतो. पुढे आमचा कणकुंबीच्या सहलीचा फोटो, पाठीमागे मालिका. दोन कळा दाबल्या की मालिका गुडूप. यांचं आयुष्य सीमाभागातल्या मराठीच्या मोर्च्यांत गेलं. घरात कन्नड मालिका कळली तर महिनाभर अबोला. शेवटचा भाग शुक्रवारी. तोवर निभवायचं.

बुधवार, दुपार
हे सारखे खोलीत येतात. चष्मा शोधायला म्हणे. चष्मा डोळ्यांवरच होता. "काय करालीस गं एवढं?" म्हणाले. सेटिंग, म्हटलं. मला शालूबाईचा संशय आहे. केर काढताना पडद्याकडे बघते आणि लगेच यांना चहा नेऊन देते. विचारलं तर म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं बाई, मी आपला केर काढतो." फारच साळसूद.

गुरुवार
हे अंघोळीत मालिकेची धून गुणगुणत होते. म्हणजे माझ्या मालिकेचा आवाज भिंतीपलीकडे जातो! कपाटातून इअरफोन बाहेर काढले.
ठोकळा काचेसारखा दिसावा म्हणून अपारदर्शकता कमी केली. शोभिवंत दिसतो.
कॉन्व्हेंटात माझ्या बाकावर धारवाडची मुलगी होती. माझं कन्नड तिच्या डब्यातल्या चित्रान्नाबरोबर आलेलं. हे यांना कधी सांगितलं नाही.

शुक्रवार, ७ जून
मालिकेतली थोरली सून कागदावर सही करणार, एवढ्यात हे दारात. कळा दाबल्या. मालिका मागे गेली आणि ठोकळा तिथेच अडकला. काचेचा! कणकुंबीतल्या आमच्या तरुण चेहऱ्यांतून आरपार थोरली सून, आरशातल्यासारखी उलटी, डाव्या हातात पेन.
हे आत आले. मग खुर्ची ओढून बसले. "सही करू नको म्हणावं तिला. दीर लई लबाड हाय."
मोबाईलवर रोज बघतात! डोळे दुखायला लागले म्हणून माझ्या पाठीमागे येऊन उभे राहायचे.
मला पहिल्यापासून संशय होताच. शालूबाईवर तर कधीच नव्हता.

शनिवार
शेवट कळलाच नाही. हे प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगत होते. बहुतेक चुकीचं. मी मान डोलवत राहिले. किती खूश होते!
सोमवारपासून नवी मालिका. यांनी आपली खुर्ची आत्ताच आणून ठेवली आहे, उशीसकट.
आता घरात लपवण्यासारखं काही उरलं नाही. तरी ठोकळा दुरुस्त करायला घेतला आहे. अपारदर्शकता शंभर टक्के.