नेपियर टाउनच्या महालक्ष्म्या

॥ श्री ॥
दीक्षितपुरा, जबलपूर
१८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. विनता हिला वहिनीचे अ. उ. आशीर्वाद, वि. वि.,

फोनच केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारते, मग मी ओरडते, आणि अख्खी गल्ली ऐकते. ही गोष्ट गल्लीनं ऐकायची नाही, म्हणून लिहून राहिली. गावच्या शाळेत सातवी झालेली बाई मी, तू रिटायर मास्तरीण. लाल पेन घेऊन बसू नको.

नेपियर टाउनच्या आलोककडचे महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे गेले. दोन्ही. त्याची बायको अवंती, ती पुण्याची, बँकेत आहे. तिनं मागच्या वर्षी विसर्जन झाल्यावर मऊ कापडात गुंडाळून ते लोखंडी कपाटात ठेवले होते. परवा पॉलिशसाठी काढायला गेली तं कपाटात फक्त कापड. कुलूप जसंच्या तसं.

आणि संशय कोणावर, तं बेबीवर. आमच्या मागच्या गल्लीतली बेबी सहा वर्षं त्यांचा स्वयंपाक करून राहिली. कपाटाची चाबी कुठं असते हे तिला माहीत, बस, एवढाच पुरावा. आलोकनं तिला काढलं ते काढलं, शेजारच्या दोन घरीही जाऊन सांगितलं. तिथलं कामही सुटलं. महालक्ष्म्या यायच्या दिवसापर्यंत मुखवटे नाही मिळाले तं आलोक पोलीस थाण्यात रिपोर्ट करीन म्हणतो. बेबी माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली की दीदी, बेटी की ससुराल में पता चला तो वो सिर कैसे उठाएगी.

तू म्हणशील, वहिनी यात काहून पडते? तुझे दादा गेले त्या वर्षी लोकांनी मला सणावाराला बोलावणं सोडलं. आलोकच्या आईनं, माईनं, बोलावलं. नुसतं जेवायला नाही, महालक्ष्म्यांना साडी नेसवायला बसवलं. बायका कुजबुजल्या तं म्हणाली की साडी नेसवायला हात लागतात, कुंकू नाही. नऊ वर्षं झाली, निऱ्या माझ्याच हातच्या. ते उपकार मी कोणत्या जन्मी विसरू?

म्हणून मी जासूस झाली. हसू नको. चौकीदार म्हणाला, एक प्लंबर आला होता. प्लंबरला गाठलं, तो म्हणाला आपण तं बाथरूमच्या पुढं गेलोच नाही. इस्त्रीवाला म्हणाला, बेबी सोन्यासारखी बाई. अवंतीनं ज्योतिष्याला विचारलं, तो म्हणे उत्तरेला पाहा. उत्तरेला त्यांचा संडास आहे. तोही पाहून आली मी, देवा शप्पथ.

आता डोकं चालून नाही राहिलं. विष्णूभाऊजींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, तुमच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी सलहज, बायकोची वहिनी, चार जिने चढून राहिली.

लोभ आहेच, तो पुढंही असू दे.
तुझी वहिनी,
सुमित्रा


पाटन
२२ ऑगस्ट २०२५

ती. सुमित्रावहिनीस विनताचा सा. न. वि. वि.,

पत्र पोचलं. लाल पेन काढलंच होतं, पण हसता हसता खाली पडलं. ह्यांना तुमचा संडासाचा तपास वाचून दाखवला, तर गुडघे विसरून हसले. एवढं औषध कोणत्याच डॉक्टरनं दिलं नव्हतं.

बेबीचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. मी शाळेत असताना एका मुलीवर कंपासपेटीचा आळ आला होता. पेटी तिसऱ्या दिवशी सापडली, पण ती मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. तेव्हा घाई करा, वहिनी.

तुमचं पत्र चारदा वाचलं. चौकीदार काय म्हणाला ते आहे, प्लंबर, इस्त्रीवाला, ज्योतिषी, सगळे काही ना काही म्हणाले. माई नऊ वर्षांपूर्वी काय म्हणाल्या तेही आहे. पण आज त्या काय म्हणतात, त्याची एक ओळ नाही. घरातली सगळ्यात जुनी बाई, तिला कोणी विचारलंच नाही का?

दादा गेल्यावर तुम्ही माझं माहेर बंद होऊ दिलं नाही, हे तुम्हाला कधी तोंडावर सांगितलं नाही. कागदावर बरं सांगता येतं.

प्रकृतीला जपा, जिने कमी चढा.
तुमची,
विनता


दीक्षितपुरा
३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विनता हिला अ. उ. आशीर्वाद, आणि या खेपेला वहिनीचा नमस्कारही,

तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. त्या आठवड्यात तीनदा मी त्या घरी गेली. तिन्ही वेळा माई खिडकीशी बसली होती. मी तिच्या पाया पडली, शाल नीट केली, आणि विचारपूस सगळ्या जगाची केली. चौऱ्याऐंशीची आहे, विसरते, असं सगळे म्हणतात तं मीही म्हणायला लागली होती.

लगेच ऑटो केली. अवंती बँकेत, आलोक फॅक्टरीत. माईच्या जवळ बसून विचारलं की माई, महालक्ष्म्या कुठं आहेत? तिनं माझ्याकडं असं पाहिलं जशी मीच वेडी. हात धरून स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं गव्हाची जुनी कोठी आहे. झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, ताजी.

मला एकदम सगळं उमगलं. आपल्याकडं जुन्या घरी मुखवटे वर्षभर धान्यात ठेवतात, तूही पाहिलं असशील. अवंतीला ते ठाऊक नाही, तिच्या माहेरी खड्यांच्या गौरी. आलोक लहानपणापासून पाहत आला आणि विसरला. माईनं मागच्याच वर्षी तिच्याजवळच्या जुन्या चाबीनं कपाट उघडलं आणि दोघींना त्यांच्या जागी नेऊन ठेवलं. आता घरात पिठाची पाकिटं येतात, कोठी उघडतं कोण?

तिथंच काढून नाचत सुटावंसं वाटलं. पण थांबली. मी सांगितलं असतं तं सगळे म्हणाले असते, म्हातारीनं घोळ घातला, तिची चाबी काढून घ्या. म्हणून संध्याकाळपर्यंत बसली. बेबीलाही बोलावून घेतलं. आलोकनं तिला पाहून तोंड फिरवलं. मी अवंतीला म्हटलं की एकदा माईच्या पायाला हात लाव आणि विचार. पोरगी चांगली आहे, वाकली आणि विचारलं.

माई उठली. कोठीत कोपरापर्यंत हात घातला, आधी एक काढली, मग दुसरी. पदरानं दोघींचे गाल पुसले. आलोक म्हणाला की आई, इतके दिवस बोलली काहून नाहीस.

माई म्हणाली, "तुम्ही चोराला शोधून राहिले होते. मला कोणी विचारलं?"

मग आलोकनं बेबीसमोर हात जोडले, माफ कर म्हणाला. अवंती तं रडायलाच लागली. बेबीनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "भैया, माफी यहाँ नहीं। जिन दो घरों में मुझे चोर बोला, वहाँ चलके बोलो।"

आणि विनता, तो गेला. बेबीला सोबत घेऊन तसाच पायी गेला. मी आणि माई गॅलरीतून पाहत होतो. समोरच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, आलोक मान खाली घालून बोलला, आणि बेबी त्याच्या बाजूला ताठ उभी होती.

परवा महालक्ष्म्या जेवल्या. सवाष्ण म्हणून बेबी पाटावर बसली, अवंतीनं वाढलं. साडी मीच नेसवली. माई खुर्चीवरून चुका काढत होती, आणि मी दर निरीला मुद्दाम विचारत होती की माई, ही ठीक आहे का, ही? तिनं शेवटी वैतागून सांगितलं की बाई, तू आता कमी विचार.

वहिनीवर लोभ ठेव, आणि असंच अधूनमधून विचारत राहा.
तुझी,
सुमित्रा