जहाजावरची माणसं

आप्पा, मागच्या आठवड्यात मी तुमच्या गाडीतली चित्रं पुन्हा पाहिली. पुण्यात जुन्या फिल्मा जपून ठेवणारी एक संस्था आहे. सांगलीच्या एका गोदामात त्यांना लढाईच्या काळातले गंजलेले डबे सापडले. त्यांत काय आहे ते मराठीत लिहून काढायला त्या काळातलं, दोन्ही भाषा येणारं कुणीतरी हवं होतं, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने माझं नाव सुचवलं. डबे बहुतेक अमेरिकेचे निघाले. तिथे एक टेबल असतं, त्यावर फिल्मची चक्रं आडवी फिरतात आणि वहीच्या पानाएवढ्या काचेवर चित्र उमटतं. हवं तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं. तुम्हाला ते फार आवडलं असतं. तुमच्या यंत्रात फिल्म अडकली की जळायची, आणि तेवढा तुकडा कापून चिकटवताना तुम्ही पुटपुटायचात, "चला, आणखी चार अमेरिकन कमी झाले."

सगळं तसंच आहे. क्षितिजापर्यंत गहू, आणि त्यात यंत्रावर बसलेला एकच माणूस. पांढऱ्या कपाटातून दूध काढून पोरांना देणारी, टाचांचे बूट घालून स्वयंपाक करणारी बाई. कारखान्यात विजार घालून लोखंड जोडणाऱ्या बायका. टेबलामागे बसून बोलणारे त्यांचे अध्यक्ष. ते कायम बसलेलेच असत, आणि तुम्ही त्याचा उपयोग करून घ्यायचात. "एवढा मोठा राजा बसून बोलतोय, तुम्ही कशाला उभे? बसा खाली, मागच्यांना दिसू द्या." त्यांचे पाय अधू होते आणि कॅमेरे ते दाखवत नसत, हे मी फार वर्षांनी वाचलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. मीही एक गोष्ट तशीच लपवून ठेवली होती, ती पुढे सांगते.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही मला पाचगणीच्या नन्सच्या शाळेतून उतरवून घेतलंत आणि सांगलीच्या बंद घरात एकटी कशी ठेवायची म्हणून सरकारी प्रचाराच्या गाडीत बरोबर घेतलंत. मी अकरा वर्षांची. गाडीत यंत्र, फिल्मचे डबे, टपावर कर्णा, मागच्या फळीवर स्टोव्ह. तुम्ही पिठलं करता, गावातून कुणीतरी भाकरी आणून देतं, आणि ड्रायव्हर दोन कडुलिंबांच्या मध्ये पडदा बांधतो. दिवेलागणीला खेळ सुरू होतो. फिल्ममधल्या इंग्रजी आवाजाचं बटण तुम्ही खाली उतरवता, इतकं की तो भिंतीपलीकडे कुणी बोलल्यासारखा गुणगुणत राहतो, आणि त्याच्यावर तुमचा आवाज चढतो. वाईच्या घाटावर कीर्तनं ऐकून घडलेला तो आवाज. कृष्णेच्या काठापासून माणदेशापर्यंत माणसं तुमच्या तोंडून अमेरिका ऐकत होती. सातारा जिल्ह्यात त्या वर्षांत सरकारी गाडीवर दगडही यायचे, कर्ण्याला एका बाजूने पोचा पडला होता. पण तुम्ही बोलायला लागलात की दगडवालेही खाली बसून बघत, असं ड्रायव्हर सांगायचा.

कडेगावच्या पुढे, जिथे ऊस संपतो आणि नुसती कुसळं आणि मेंढरं उरतात, त्या बाजूचं एक गाव. चव्वेचाळीसचा मे. गाडी थांबल्या थांबल्या एक बाई आली, मागे तिची सून. सून माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. इतकं मोठं कुंकू मी कधी पाहिलं नव्हतं. कुणाला तरी दाखवण्यासाठी लावावं तसं ते होतं.

"आवं सायेब, मागल्या साली तुमीच आलतासा न्हवं?" बाई म्हणाली. "लय ग्वाड बोललासा. माझं प्वार दुसऱ्या दिशी इट्याला गेलं पलटनीत नाव द्याया. तुमच्या त्या पडद्यात आता त्यो दिसंल का?"

तुम्ही काही बोलायच्या आत मागून एक उंच म्हातारा पुढे झाला. तिचा दीर. त्याने तुमच्या हातात एक तार दिली. ती दोन महिन्यांपूर्वी आली होती आणि गावात ती इंग्रजी पूर्ण वाचणारं कुणी नव्हतं. तालुक्याच्या पोस्टात "मुलगा गेला" म्हणून सांगितलं, तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

"वयनी ऐकत न्हाई," तो म्हणाला. "म्या म्हंतो तार म्हंजी तार. किती दिस पोरीला कुकू लावून फिरवायची? लोकं तोंडावर बोलत्यात."

"इंग्रजाच्या तारंला माझं प्वार काय ठावं?" ती म्हणाली. "धा जनांत उभं केलं तर वळकंल का त्यो? म्या कोकरू नुसतं वरडल्यावर वळकते."

तुम्ही तार वाचलीत, घडी घालून त्याला परत दिलीत आणि म्हणालात, "यात नक्की असं काही नाही, मावशी. संध्याकाळी या." तुमच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, उन्हामुळे.

संध्याकाळी सगळं गाव बसलेलं. विजारवाल्या बायका आल्या तशी एक म्हातारी ओरडली, "ह्यांच्या सासवा मेल्या का काय समद्या?" आणि गर्दीतून उत्तर आलं, "सासवा बी कारखान्यातच हायत्या गं!" गव्हाचं रान आलं. "एवढ्या रानाला गडी एकच? बाकीचं कुटं गेलं?" कुणीतरी विचारलं. अंधारातून एक शांत आवाज आला, "त्यांच्याकडं बी अशीच गाडी आली आसंल." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. एक वाक्य तुम्ही गाळलंत, कर्ण्यातून नुसती खरखर ऐकू आली.

मग बंदर आलं. मोठं जहाज, त्याच्या डेकवर पोती आणि पेट्या वाहणारे शिपाई. आतापर्यंत पडद्यावर सगळे गोरे साहेब होते. हे सावळे, काळे, आपल्यासारखे. गर्दीत एकदम खळबळ उडाली. "आपली मान्सं! आपली मान्सं!" त्यातल्या एकाने ओझं उचलण्याआधी मान एका बाजूला झटकली, आणि ती बाई उभी राहिली.

"त्यो बगा! मान झटाकतोय! वझं उचलायच्या आदी त्यो आसाच करतोय! आगं बघ की, तुजा न्हवरा!"

पोरं, म्हातारी, तो दीर, सगळे पडद्याकडे पाठ करून तुमच्याकडे बघायला लागले. चित्र तोवर पुढे गेलं होतं.  मग तुमचा तो कीर्तनातला आवाज आला, "होय मावशी. ही आपलीच माणसं. जहाजावर आहेत. सुखरूप आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेने पदर तोंडावर ओढला, तिचा चुडा वाजला. तुम्ही माईक माझ्याशेजारी फळीवर ठेवलात आणि तांब्या तोंडाला लावलात. पाणी तुमच्या कोटावर सांडत होतं.

आणि मी म्हणाले, "पण आप्पा, ती आपली नाहीत. ते अमेरिकेतले काळे शिपाई आहेत. तो साहेब इंग्रजीत तसं सांगतोय."

माईक चालू होता. माझा तो पाचगणीचा स्वच्छ, घासलेला आवाज कर्ण्यातून सगळ्या माळावर गेला.  मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग बरेच जण हसले, दुष्टपणाने नव्हे, पण हसले. बाई उभीच होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, टपावरच्या कर्ण्याकडे बघत होती.

दीर गाडीपाशी आला. "पोरी, तुला इंग्रजी येतंय?"

"येतं."

"मंग ही वाच."

तुम्ही म्हणालात, "ती लहान आहे हो." एवढंच म्हणालात. तुम्ही तार माझ्या हातातून काढून घेऊ शकत होता, आणि मी कितीतरी वर्षं मनात तुम्हाला ती काढून घ्यायला लावत आले आहे. मी यंत्राच्या दिव्यापाशी ती धरली, आधी इंग्रजीत मोठ्याने वाचली, कारण वर्गात तसंच करायचं असे, आणि मग अर्थ सांगितला. बेपत्ता. ठार झाल्याचं समजलं जातं. एकही शब्द चुकला नाही. सिस्टरनी पाठीवर थाप दिली असती.

सकाळी आपण गाडी भरत होतो तेव्हा ओढ्याच्या वाटेवर बायका चालल्या होत्या. मध्ये ती सून. परत येताना ती आपल्या गाडीच्या बाजूने गेली. कपाळ पुसलेलं, तिथली कातडी इतरांपेक्षा उजळ. मनगटाला काच लागून रक्त आलं होतं आणि ते तिने पदराला पुसलं नव्हतं. तिने मला पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

 कडेगावला ड्रायव्हर पाणी भरायला उतरला तेव्हा समोर बघत म्हणालात, "इंग्रजी चांगलं आहे तुझं." आयुष्यात तुम्ही मला एवढंच रागावलात. त्याच पावसाळ्यात तुम्ही ती नोकरी सोडलीत आणि माधवनगरच्या गिरणीत कारकून झालात. मागांच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही, ते बरं वाटतं, म्हणायचात. पुन्हा तुम्ही कधी सिनेमाला आला नाहीत, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलायला सांगितलं तर हात जोडलेत. लढाई संपल्यावर तुम्ही त्या गावच्या मास्तरांना पत्र लिहिलंत, हे मला तुमच्या मागे तुमच्या पेटीत त्यांचं उत्तर सापडलं तेव्हा कळलं. मुलगा आला नाही. सुनेचा दुसरीकडे पाट लावून दिला. त्याची आई रस्त्याने गाडी गेली की अजून उठून बघते.

त्या उत्तरावर मी जगले, आप्पा. मुलगा आला नाही, म्हणजे तार खरी होती, म्हणजे मी खोटं काही बोलले नव्हते. ती पोर नव्याने नांदली, ते तुमच्या एका वाक्यावर कुंकू लावून ताटकळत बसण्यापेक्षा बरंच. आणि आधीच्या वर्षी त्याच आवाजात तुम्ही त्या पोरांना काय सांगितलं होतंत, तेही मला मोठेपणी समजलं. तुमच्यावर रागावण्याचा हक्क मला होता. मी तो वापरलाही, तुम्ही आजारी असताना, मिरजेच्या दवाखान्यात. मी म्हणाले होते, निदान मी तरी जे होतं तेच सांगितलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत.

मागच्या आठवड्यात टेबलावर ते बंदर आलं. तोच शिपाई मान झटकतो. हेल्मेटं अमेरिकनच आहेत, त्यात शंका नाही. पण या वेळी आवाजाचं बटण पूर्ण वर होतं. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला, आणि पुन्हा, शेवटी तिथल्या मुलीने विचारलं, बाई, काही अडलंय का. साहेब जहाजाबद्दल बोलतो, मालाबद्दल बोलतो, विजय जवळ आल्याचं बोलतो. त्या माणसांबद्दल एक शब्द नाही. ती कोण, कुठली, काही नाही. मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. तुमच्या आवाजात आणि यंत्राच्या खडखडाटात काय ऐकू येणार होतं? शाळेत सिस्टरकडे अमेरिकेची चित्रं पाहिली होती, त्यावरून मी ओळखलं, आणि माझं म्हणणं कुणी उडवून लावू नये म्हणून ते साहेबाच्या तोंडी घातलं. तुम्ही करत होता अगदी तसंच.

हे मी पुण्यात कुणाला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. संस्थेच्या कागदावर एक रकाना होता, चित्रातील व्यक्ती. तो मी कोरा ठेवून परत दिला. मिरजेच्या त्या खोलीत मी जे बोलले ते मात्र कोरं करता येत नाही. खरं तेच सांगितलं असं मी म्हणाले होते, आप्पा, आणि तसं म्हणतानासुद्धा मला नीट आठवत होतं की मी काही ऐकलं नव्हतं.