गिरजाबाईंची सही

३ फेब्रुवारी, रोहा
आले बाई एकदाची! कराडहून निघताना आई रडत होती, मी मात्र जाम खूश. आमच्या घरात शिकलेली मी पहिली आणि आता नोकरीही. दवाखाना लहान, मशीन झकास. डोक्याशी चुंबकाचं वेटोळं धरायचं, टकटक ठोके द्यायचे. ना सुई, ना काप. डॉक्टर सुजय म्हणाले, मेंदू म्हणजे कपडे वाळत घातलेली दोरी, एका टोकाला धक्का दिला की दुसऱ्या टोकाचा सदरा हलतो. रोज आधी माझ्या डोक्यावर चाचणी, मग पेशंट. इथली पद्धतच आहे म्हणे.

६ फेब्रुवारी
पेशंट एकच, पेणच्या गिरजाबाई. चाळीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवले, म्हणजे आखणी केली. अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडला. शाळा पाहिलेली नाही, म्हणून संमतीच्या कागदावर रोज अंगठा. मला विचारत होत्या, तू कोनाची गो? येताना पोह्याचे पापड आणले. गोड बाई!

१४ फेब्रुवारी
हात चक्क हलतोय! पण आज ब्रश दिला तर डोळा जमेना. रडल्या. हात आला, त्यातली आखणी कुठं गेली गो, म्हणाल्या. डॉक्टरांनी नुसतं टिपून घेतलं. हसत होते का?

१९ फेब्रुवारी
माझ्या वहीत कुणीतरी डोळे काढलेत. सुरेख, पापण्यांसकट. खोलीत सोबत राहणाऱ्या प्रतीक्षाशी कडाकडा भांडले. ती म्हणते, काल तूच काढत बसली होतीस. खोटारडी! मला साधा आंबा काढता येत नाय.
हे ‘नाय’ कुणी लिहिलं? अक्षर तर माझंच.

२३ फेब्रुवारी
डॉक्टर जेवायला गेल्यावर फाइल उघडली. वर लिहिलंय, जोडी क्रमांक एक. आत दोन फोटो, गिरजाबाईंचा आणि माझा. खाली माझी सही, रुजू होताना न वाचता केलेली. चाचणी कसली, मेल्यानं फसवलं मला! राजीनामा लिहायला बसले. ‘मी’ लिहिलं, पुढे कागदावर— डोळेच उमटले. दोन.

२६
गिरजाबाईंनी आज अंगठा दिला नाय. पेन मागितलं. झरझर सही केली— नम्रता घोरपडे. माझी सही. ‘ता’खालची शेपटीसुद्धा. बाईने पेन माझ्याकडे ढकललं. मला नको गो हे, तुजं तू परत घे, म्हणाली. कसं घेऊ?

आज
एसटीची पाटी वाचता नाय आली. आईचा मेसेज— नुसत्या मुंग्या. भ्या वाटतं. डोळे येतात, कितीबी येतात. नाव तेवढं ऱ्हाऊ दे देवा. लिवते. न— म्— न—